फर्निचर उद्योगासाठी मुक्त माहिती-देवाणघेवाण मानक: सुरुवात आकृतीपासून करावी की शब्दांपासून?

प्रश्न: पल्ला-बिजागरी

नमस्कार. काही मध्यम आकाराचे फर्निचर उत्पादक, त्यांचा माल विकणारे विक्रेते आणि आराखड्यांची सॉफ्टवेअर लिहिणारे दोघे-तिघे अशा आमच्या गटाने उत्पादनांची माहिती एकमेकांना पाठवण्यासाठी एक मुक्त मानक तयार करायचे ठरवले आहे. सध्या प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीची एक्सेल फाइल पाठवतो, विक्रेत्याकडील माणूस ती हाताने आपल्या प्रणालीत भरतो आणि दर बदलले की तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. गेल्या महिन्यात आमच्याकडे एका कोपऱ्याच्या सोफ्याची लांब बाजू उलट्या हाताला बनून आली, कारण 'डावा' म्हणजे सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डावा की समोर उभे राहून पाहणाऱ्याचा, हे कोणत्याच फाइलमध्ये लिहिलेले नव्हते.

गटात दोन मते आहेत. काहींना वाटते की आधी त्रिमितीय आकृत्यांचे स्वरूप ठरवावे, कारण ग्राहकाला तेच दिसते. इतरांचे म्हणणे असे की आधी वस्तूंचे क्रमांक, पर्याय आणि दर यांची मांडणी ठरवावी. यापूर्वी असे प्रयत्न झाले असतील तर त्यांतून काय घ्यावे आणि आम्ही कोठून सुरुवात करावी, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १: जुना कॅटलॉग

प्रयत्न झाले आहेत आणि ते लहान नव्हते. उत्पादनाच्या माहितीसाठी 'स्टेप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १०३०३ क्रमांकाच्या मानकमालेचे पहिले भाग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये तिच्यात २३६ क्रमांकाचा भाग आला, तो खास फर्निचरचे कॅटलॉग आणि अंतर्गत सजावट यांसाठी आहे. त्यामागे युरोपातील 'फनस्टेप' हा उपक्रम होता. कॅटलॉगमधील वस्तू, तिचे पर्याय आणि खोलीच्या आराखड्यातील तिची जागा या तिन्ही गोष्टी एकाच प्रतिमानात बसवण्याचा त्यातील विचार आजही वाचण्यासारखा आहे. परंतु त्याची मांडणी एक्सप्रेस या वर्णनभाषेत आहे, ती स्टेपच्या अनेक थरांवर उभी आहे, आणि आयएसओची कागदपत्रे विकत घ्यावी लागतात. दोन माणसांचे सॉफ्टवेअर दुकान एवढा चढ चढत नाही, हे माझे मत आहे.

जर्मनीत वेगळी वाट निघाली. कार्यालयीन फर्निचरसाठी ओएफएमएल हे प्रतिमान आले, ज्यात वस्तूची आकृती, तिचे वागणे आणि तिची व्यापारी माहिती असे वेगवेगळे भाग आहेत. स्वयंपाकघर आणि गादीचे फर्निचर (सोफे वगैरे) यांसाठी डेटन कॉम्पिटन्स सेंटर या संस्थेच्या छत्राखाली आयडीएम ही स्वरूपे आली. एकाच उद्योगात इतकी वेगळी स्वरूपे का झाली, असे वाटेल. स्वयंपाकघरातील कपाटे भिंतीला लागून एका रांगेत बसतात आणि त्यांचा दर बहुधा दर्शनी पल्ल्याच्या दरगटावर ठरतो. सोफा तुकड्यांनी जोडला जातो आणि त्याचा दर कापडाच्या गटावर ठरतो. कार्यालयातील टेबले एकमेकांना जोडताना मधला पाय सामायिक होतो. या तिन्हींना एकाच साच्यात कोंबले की साचा इतका सैल होतो की त्यातून काहीच कळत नाही. म्हणून तुमच्या गटात ज्या प्रकारचा माल जास्त आहे, तेवढ्यापुरतेच पहिले मानक लिहावे.

उत्तर २: खणांचे कपाट

पल्ला-बिजागरी यांनी सांगितलेला सोफ्याचा प्रसंग हाच त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. तेथे फाइलचे स्वरूप चुकले नव्हते, शब्दाचा अर्थ ठरलेला नव्हता. तीच माहिती एक्सएमएलसारख्या, संगणकाला थेट वाचता येणाऱ्या स्वरूपात पाठवली असती तरी सोफा उलटाच आला असता, फक्त अधिक वेगाने.

अर्थ ठरवण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण मानकाचा खरा ऐवज तोच. कपाटाची 'खोली', म्हणजे पुढून मागेपर्यंतचे माप, पल्ल्यासह मोजायची की पल्ल्याशिवाय, हा पहिला प्रश्न. एका उत्पादकाच्या ५८० मिलिमीटर खोलीत पल्ला नसतो, दुसऱ्याच्या असतो, आणि दोन्ही कपाटे शेजारी ठेवली की दर्शनी रेषा पल्ल्याच्या जाडीएवढी मागे-पुढे होते. 'उंची' पायांसह आहे का, पाय फिरवून कमी-जास्त होत असतील तर त्यांची किमान उंची धरायची की मधली, हाही प्रश्न आहेच. खुर्चीच्या बैठकीची उंची गादी दबण्यापूर्वीची की नंतरची? 'उजवा पल्ला' म्हणजे बिजागरी उजवीकडे की मूठ उजवीकडे? अशा प्रत्येक शब्दाला एक व्याख्या, एक आकृती आणि एक चुकीचे उदाहरण द्यावे. चुकीचे उदाहरण बहुतेक मानके देत नाहीत, आणि वाचणारा नेमका तेथेच अडखळतो.

दुसरी गोष्ट पर्यायांची. एखादे साधे कपाट ६ रुंदी, ३ उंची, २० लॅमिनेट, १२ मुठी आणि पल्ला उघडण्याच्या २ दिशा यांत मिळत असेल तर ८,६४० वस्तू होतात. इतक्या ओळींची यादी पाठवणे शक्य आहे, परंतु एक मूठ बंद झाली की ७२० ओळी काढाव्या लागतात आणि त्यांतील एखादी राहिली की बंद झालेल्या मुठीची ऑर्डर येते. म्हणून यादी पाठवू नये. गुणधर्म, त्यांची शक्य मूल्ये आणि कोणते मूल्य कोणाबरोबर चालत नाही याचे नियम पाठवावेत. उदाहरणार्थ, रुंदी ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर एकच पल्ला देता येत नाही, हा एक नियम झाला. दरही असाच मांडावा: मूळ दर आणि प्रत्येक निवडीमुळे पडणारा फरक.

मात्र नियमांच्या भाषेचा मोह आवरावा. सुरुवातीला 'हे असेल तर ते चालते' आणि 'हे असेल तर ते चालत नाही' एवढे दोनच प्रकार ठेवावेत. नियमांत पूर्ण संगणकीय भाषा आणली की प्रत्येक उत्पादक तिच्यात आपापला छोटा प्रोग्राम लिहितो आणि स्वीकारणाऱ्याला तो चालवून पाहिल्याशिवाय कपाट कसे आहे ते कळत नाही.

उत्तर ३: तिसरी मिती

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु आकृतीला इतके मागे टाकणेही बरोबर नाही. विक्रेत्याला आराखड्यात वस्तू ठेवता आली नाही तर तो तुमची नीटनेटकी गुणधर्मांची यादी उघडणारच नाही. सुदैवाने येथे नवे काही लिहावे लागत नाही. दाखवण्यासाठी ख्रोनोस या उद्योगसमूहांच्या गटाचे जीएलटीएफ हे त्रिमितीय आकृत्यांचे मुक्त फाइल-स्वरूप आहे, जे २०२२ मध्ये आयएसओ/आयईसी १२११३ म्हणूनही प्रसिद्ध झाले. एकाच आकृतीला वेगवेगळी कापडे किंवा रंग चढवण्यासाठी त्यात जोडविस्तारही आहे. इमारतीच्या प्रतिमानात फर्निचर बसवायचे असेल तर आयएसओ १६७३९ म्हणजे आयएफसी हे इमारतींच्या माहितीचे स्वरूप आहे. तुमच्या मानकाने फक्त एवढे सांगावे की कोणत्या निवडीला कोणती आकृती लागू होते.

दोन बाबी मात्र लिहूनच ठेवा. जीएलटीएफमध्ये लांबी मीटरमध्ये असते आणि वरची दिशा वाय अक्षाची असते. फर्निचरची बरीच आरेखने मिलिमीटरमध्ये होतात आणि त्यांत वरची दिशा बहुधा झेड अक्षाची असते. रूपांतर करताना हे विसरले की कपाट पाठीवर झोपलेले आणि हजारपट मोठे दिसते. मी ते पाहिले आहे, आणि ग्राहकासमोर पाहिले आहे. तसेच आरंभबिंदू कपाटाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात आहे की मध्यभागी, हे ठरले नसेल तर भिंतीला लागलेले कपाट अर्धे भिंतीत जाते.

उत्तर ४: आवृत्ती क्रमांक

थोडक्यात तीन मुद्दे. मानक 'मुक्त' आहे म्हणजे काय, ते पहिल्याच पानावर लिहावे: वाचायला विनामूल्य, वापरायला कोणतेही स्वामित्वशुल्क नाही, आणि बदल सुचवण्याची वाट सर्वांना सारखी. एकाच सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या हाती शेवटचा शब्द राहिला तर स्पर्धक ते स्वीकारणार नाहीत, मानक कितीही चांगले असो.

दुसरे, मानकाबरोबर फाइल तपासणारे साधन आणि नमुना फाइली प्रसिद्ध कराव्यात. दोन प्रणालींत वाद झाला तर साधन काय म्हणते ते पाहता येते.

तिसरे, साहित्य, दुरुस्ती आणि सुट्या भागांच्या माहितीसाठी आत्ताच जागा ठेवावी. युरोपीय संघाचा २०२४/१७८१ क्रमांकाचा नियम १८ जुलै २०२४ पासून लागू झाला असून त्यात उत्पादनाच्या डिजिटल पारपत्राची, म्हणजे उत्पादनासोबत द्यायच्या डिजिटल माहितीनोंदीची, तरतूद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या २०२५ ते २०३० च्या कार्ययोजनेत फर्निचर व गाद्या यांची नावे आहेत. तेथे माल पाठवणाऱ्या उत्पादकाला ही माहिती कधी ना कधी द्यावी लागेल. ती दुसऱ्या वेगळ्या एक्सेल फाइलमध्ये गेली तर तुम्ही पुन्हा जेथे होता तेथेच याल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: पल्ला-बिजागरी

सर्वांचे मनापासून आभार. गटात आज चर्चा झाली आणि पहिल्या मसुद्यात फक्त गादीचे फर्निचर घ्यायचे ठरले, कारण आमचा बहुतेक माल तोच आहे. आकृत्यांसाठी जीएलटीएफ जसेच्या तसे घेऊ. शब्दांच्या व्याख्यांची यादी काढायला बसलो तेव्हा पहिल्या तासात 'डावा' या एकाच शब्दावर तीन उत्पादकांची तीन मते निघाली. तिसऱ्याकडे ते सोफ्याच्या मॉडेलनुसार बदलते, हे त्यालाही तेव्हाच कळले. आम्ही बसलेल्या माणसाचा डावा हात ही व्याख्या धरली आहे. तीत काही अडचण दिसत असेल तर मसुदा पुढे जाण्यापूर्वी सांगावे.

उत्तर २ कडून: खणांचे कपाट

एक अडचण दिसते. दोन्ही बाजूंनी बसता येणाऱ्या, पाठ नसलेल्या बैठकींना ही व्याख्या लागू होत नाही. त्यांच्यासाठी आकृतीत एक 'पुढची बाजू' सक्तीने नोंदवायला सांगा आणि डावा-उजवा तिच्यावरून ठरवा.