अनुभव धागा : तळपायाचं मालिश आणि रिफ्लेक्सॉलॉजी

सातारा, शाहूपुरी (धागा सुरू करणारा)
बाबा गेले आणि आईची झोप उडाली. रात्री दोनला उठून देवघरापाशी बसायची. शेजारच्या काकूंच्या ओळखीनं रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळपायाचा एकेक बिंदू शरीराच्या एकेका भागाशी जोडलेला आहे असं मानून तो दाबायची पद्धत, शिकलेल्या एक ताई घरी येऊ लागल्या. त्या बुटक्या स्टुलावर बसायच्या, मांडीवर टॉवेल घालून आईचा पाय त्यावर घ्यायच्या आणि अंगठा अळीसारखा वाकवत-सरळ करत टाचेपासून बोटांपर्यंत सरकवायच्या. तिसऱ्या वेळी आई खुर्चीतच झोपली. दुपारचे चार वाजले होते. मी दारात उभा राहून बघत होतो, डोळे भरून आले.

मग मी वाचायला घेतलं. अमेरिकेतले नाक-कान-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून 1917 मध्ये ‘झोन थेरपी’ मांडली. 1930च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यावरून तळपायाचा नकाशा केला. अंगठा म्हणजे डोकं, पायाची आतली कड म्हणजे पाठीचा कणा, टाचेकडे कंबर-ओटीपोट, यकृत उजव्या पायात. मात्र तळपायातल्या ठरावीक बिंदूपासून यकृताकडे जाणारी वाट शरीरशास्त्राला सापडलेली नाही आणि यानं आजार बरा होतो हे अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. म्हणून ही पूरक उपचारपद्धत, मुख्य उपचार चालू ठेवून करायची.

पण आई झोपली, हेही खरंच. तिला साखर आहे, त्यामुळे पुढे जाण्याआधी तुमचं ऐकायचंय. गुण आला असेल ते लिहा, त्रास झाला असेल तर तो आधी लिहा.

सांगली, गावभाग
आमच्याकडे काशाची वाटी. सासूबाईंच्या रुखवतातली, कड झिजून गुळगुळीत झालेली. उन्हाळ्यात रात्री तळपायाला तूप चोपडायचं आणि वाटी गोल फिरवायची. थोड्या वेळात तूप काळं होतं, आणि सगळे म्हणतात उष्णता उतरली. लेक रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, कासं म्हणजे तांबं आणि कथील, तुपाशी घासून धातूच काळा उतरतो. सासूबाई म्हणाल्या, “काळं कशानं का हुईना, डोळं गार पडलं का न्हाई?” पडतात. तेवढ्यासाठी मी रोज घासते.

लोणंद
माउलींची पालखी नीरा ओलांडून आली की आम्ही मंडळाची पोरं वारकऱ्यांचे पाय चोळतो. बिंदू-बिंदू काही माहीत नाही. कोमट पाणी, तिळाचं तेल आणि हात. फोड असेल तिथं हात लावत नाही. एका म्हाताऱ्या बाबांची टाच इतकी भेगाळलेली की तेल आत मुरताना दिसत होतं. झाल्यावर ते वाकून माझ्याच पाया पडले, “माउली” म्हणाले. मला बोलताच येईना.

तासगाव
त्रास आधी लिहा म्हणालात, म्हणून लिहितोय. वडिलांना चौदा वर्षांची साखर. पायाला मुंग्या यायच्या. दुकानदारानं टोचणाऱ्या गुटळ्यांच्या ॲक्युप्रेशर चपला दिल्या, “नसा जाग्या होतील” म्हणाला. वडील रोज तासभर घालून फिरायचे. दुखत नाही म्हणजे सवय झाली, असं आम्ही समजलो. चार दिवसांनी मोजा काढला तर तो जखमेला चिकटलेला. डॉक्टरांनी नायलॉनची बारीक तार तळव्याला टेकवून विचारलं, “लागतंय का?” वडील वर बघत होते, त्यांना तार टेकल्याचंच कळलं नव्हतं. शेवटी करंगळी काढावी लागली. साखर असलेल्या माणसाच्या पायाला दाब देण्याआधी संवेदना आहे का ते तपासून घ्या. हात जोडून सांगतो.

कराड
एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर चोळू नका. माझ्या भावाच्या शिरेत गुठळी निघाली. आम्ही तेल लावायच्या बेतात होतो.

मिरज
पत्नीची केमो चालू असताना डॉक्टरांना विचारूनच पाय चोळायला लागलो. त्यांनी सांगितलं, हलका हात ठेवा, रक्तातल्या प्लेटलेट कमी असतील तेव्हा दाब अजिबात नको. मळमळ थांबली असं म्हणणार नाही. पण सलाईन चालू असताना दोन-तीन तास मी नुसता बसून असायचो, त्या वेळात हाताला काम मिळालं आणि तिला माझा स्पर्श. ती म्हणायची, “बोलू नका, फक्त पाय धरा.”

सांगली, विश्रामबाग
मी हेच काम करते. पाय हातात घेण्याआधी विचारते : साखर, गुठळी, जखम, गरोदरपण. एका पावलात 26 हाडं असतात, त्यामुळे जोर लावणं म्हणजे कौशल्य नव्हे. नखं रोज घासून ठेवते. शिकताना सांगतात की बोटाखाली साखरेसारखे कण लागले की त्या अवयवात दोष. मी माणसांना तसं सांगत नाही, कारण एका बाईंनी तेवढ्यावरून मूत्रपिंडाची धास्ती घेतली होती. ‘इथं आखडलंय’ एवढंच म्हणते. ‘गोळी बंद करा’ म्हणणाऱ्याच्या हातात पाय देऊ नका.

सातारा, शाहूपुरी
तासगावकर, तुमचं वाचून काल तेल लावण्याआधी आईचे तळवे दिव्याखाली धरले. डाव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात चीर होती. तिला पत्ता नव्हता. ताईंना या आठवड्यात येऊ नका म्हणून कळवलंय, आज संध्याकाळी डॉक्टरांकडे निघालोय.