मदत हवी आहे: व्हॅनमधल्या शेगडीचा धूर आत येतो

ग्वाल्हेरच्या जानेवारीतल्या थंडीसाठी कॅम्पर व्हॅनमध्ये छोटी, बंद दाराची लोखंडी शेगडी बसवली आहे. लाकूड बाभळीचं, चांगलं वाळलेलं. तरी पेटवताना धूर आत येतो. खिडकी किंचित उघडली की धुराडं लगेच ओढ धरतं (धूर वर खेचला जातो), पण मग ऊब राहत नाही. धुराडं साफ केलं, आधी कागद जाळून नळी तापवून पाहिली, फरक थोडाच. नळी ४ इंची, एकेरी पत्र्याची, छतावर जेमतेम २ फूट. व्हॅन उभी करायची शेड बुटकी असल्यामुळे नळी कायमची उंच करता येत नाही, काढता-घालता येणारा तुकडा चालेल. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय, आणि शेगडी पूर्ण विझल्याशिवाय कुणी झोपत नाही. सोबत लहान मुलं असतात, त्यामुळे यात तडजोड नाही. डिझेल हीटर नकोय.

व्हॅनच्या तळाला भोक पाडून बाहेरची हवा थेट शेगडीला दिली तर पुरेल, की दुपदरी धुराडंही लागेल? भोक केवढं ठेवायचं?