पहिला कथासंग्रह काढायचाय, प्रकाशक ६५ हजार मागतायत, देऊ का?

कोथरूड_डेपो
नमस्कार मंडळी. वय ४१, आयटीत आहे. गेली दोनेक वर्षं कथा लिहितोय म्हणजे पुण्यात वनाझला मेट्रोत बसलो की रामवाडीपर्यंत मोबाइलवर टाइप करायचं आणि रात्री घरी लॅपटॉपवर नीट करायचं, असं करत करत अकरा कथा झाल्या. कुठे छापून आलेली एकही नाही. मागच्या महिन्यात धाडस करून एका प्रकाशकांना पाठवल्या तर चौथ्या दिवशी फोन, "अप्रतिम आहेत, लगेच काढू". मग मेल आला त्यात ५०० प्रती, १६० पानं, किंमत २५०, मी ६५ हजार भरायचे, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नोंदणीचे ३ हजार वेगळे, ५० प्रती मला फुकट आणि बाकीच्यांवर १० टक्के रॉयल्टी. बायको म्हणाली चार दिवसांत अकरा कथा वाचून झाल्या का त्यांच्या?
तर प्रश्न असा की पैसे भरून पुस्तक काढणं हे आता नॉर्मल झालंय का, आणि नसेल तर माझ्यासारख्याने करायचं काय.

फर्मा_मोजणारा
आधी वहिनींना नमस्कार सांगा.
मी पेठेत छपाईच्या धंद्यात वीसेक वर्षं काढलीयेत, तर हिशोबच करू. तुमच्या ५० प्रती तुम्ही २५० ने सगळ्या विकल्या (मित्रांकडून पैसे मागायची हिंमत आहे असं धरून) तर १२,५००. उरलेल्या ४५० प्रकाशकाने शेवटच्या प्रतीपर्यंत विकल्या तर प्रत्येकी २५ रुपये म्हणजे ११,२५०. झाले २३,७५०. सगळं अगदी स्वप्नातल्यासारखं झालं तरी तुमचे ४० हजारांवर गेले, आणि पहिल्या कथासंग्रहाच्या ५०० प्रती भराभर संपल्या असं मी तरी क्वचितच बघितलंय. ज्याचे पैसे छापण्याआधीच वसूल झालेत तो विकायला कशाला धावेल?
आणि ते आयएसबीएनचे ३ हजार बघून हसू आलं. आपल्याकडे आयएसबीएन फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, लेखक स्वतः प्रकाशक असेल तर त्यालाही मिळतो. वेळ लागतो, कागद अपलोड करताना डोकं फिरतं, पण फी नाही.

अर्धविराम
+१. फक्त एक भर, पैसे भरणं म्हणजे पाप नाही. आमच्या आजोबांच्या गिरणीतल्या आठवणी आम्ही भावंडांनी वर्गणी काढून छापल्या, १०० प्रती, नातेवाइकांत वाटल्या, एकही विकली नाही आणि कुणाला पश्चात्ताप नाही. पण तिथे आम्हाला माहीत होतं की आपण छपाई विकत घेतोय. तुम्हाला छपाई विकून "अप्रतिम" म्हणतायत, तो भाग खटकतो.

कोथरूड_डेपो
@फर्मा_मोजणारा हा हिशोब मी एक्सेलमध्ये का केला नाही देव जाणे, दिवसभर तेच तर करतो. मग सरळ स्वतःच काढू का?

फर्मा_मोजणारा
काढू शकता पण लगेच नको. माझ्या एका गिऱ्हाइकाने दोन वर्षांपूर्वी ३०० प्रती काढल्या, डेमी साइज, १६० पानं म्हणजे सोळा पानी दहा फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं), कव्हरसकट ३१ हजार, प्रतीला १०३ रुपये पडले. किंमत २५०. दुकानदाराने ४० टक्के घेतले, हातात आले १५०, छपाई वजा जाता ४७. त्यातून मुद्रितशोधन, मांडणी, कुरियर. अजून निम्मी खोकी त्याच्या दिवाणाखाली आहेत.
कधी काढलंत तर फर्म्यात विचार करा. १६३ पानं झाली की अर्धा फर्मा वाढतो, मागे पाच कोरी पानं राहतात आणि पैसे पूर्ण आठ पानांचे. त्यापेक्षा तीन पानं कापा, कथा बहुतेक वेळा सुधारतेच. आणि मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, जुन्या फाँटमधून फिरवलं की जोडाक्षरं फुटतात आणि प्रूफं तपासणाऱ्याच्या शिव्या खाव्या लागतात.

काळा_कोट_ताई
मेलवर करार नाही ना आला अजून? आला की शेवटचं पान आधी वाचा. "सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे" असं असेल तर सही करू नका, कारण "सर्व" मध्ये भाषांतर, ऑडिओ, सिनेमा, वेबसिरीज सगळं आलं. मुदत लिहिलीच नसेल तर आपल्या कॉपीराइट कायद्यात ती पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या देशापुरतं ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं. म्हणजे गप्प बसलेला करार एकवेळ परवडला, "कायमस्वरूपी" लिहिलेला नाही. मागायचं काय तर फक्त मराठी छापील आवृत्तीचे हक्क, ठरावीक वर्षांसाठी, आणि विक्रीचा हिशोब दरवर्षी लेखी. कॉपीराइट नोंदणीचे वेगळे पैसे मागितले तर द्यायची घाई नको, लिहिल्याक्षणी हक्क तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही.

नारायणपेठी
सगळे पैशांवर बोलतायत, मी दुसरंच बोलते. अकरा कथा आणि एकही कुठे आली नाही, म्हणजे अनोळखी माणसाने एकही वाचलेली नाही. संग्रह सध्या बाजूला ठेवा. जून संपत आलाय, दिवाळी अंकांचे संपादक आत्ता कथा बघतायत, गणपती येईपर्यंत बऱ्याच अंकांचं पक्कं झालेलं असतं. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून नवा कथाकार आपल्याकडे बराचसा याच दारातून आत आलाय, तुम्ही थेट गच्चीवरून उतरायला निघालात.
पण आधी अंक वाचा हो. ज्या अंकाला पाठवायचंय त्याचे मागचे दोन-तीन काढा, पुणे मराठी ग्रंथालयात किंवा नगर वाचन मंदिरात विचारा, (हे दुसरं १८४८ पासून आहे आणि आपण त्याच्या दारावरून लक्ष्मी रोडच्या खरेदीला जातो). विनोदी अंकाला मृत्यूची कथा पाठवणारे दरवर्षी असतात. एका वेळी एक कथा एकाच ठिकाणी, वर चार ओळींचं पत्र, "माझ्या पत्नीला फार आवडली" हे लिहायचं नाही.
पुस्तकच काढायचं असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठीच. त्यांची जाहिरात कधी येते त्यावर लक्ष ठेवा.

कोथरूड_डेपो
ताई, खरं सांगायचं तर गेल्या तीन वर्षांत दिवाळी अंक विकत घेतलाय, पूर्ण वाचला नाहीये. एखादी कथा बघाल का?

नारायणपेठी
पाठवा, एकच. गोड बोलणार नाही.

नारायणपेठी
वाचली. भाषा छान आहे, सासरेबुवा रेशनच्या दुकानात रांगेत उभे राहतात तो तुकडा तर मस्तच. पण एक गंमत दिसली. तुमचा प्रत्येक प्रसंग साधारण सारख्याच लांबीचा आहे आणि प्रत्येकाच्या शेवटी कुणीतरी उठतं, निघतं नाहीतर दार लावतं. मला वाटतं तुमचं स्टेशन येतं. मोबाइल खिशात टाकायच्या आधी प्रसंग मिटवायची सवय लागलीये हाताला. बापलेकाचं भांडण कुठे आता पेटतंय तर मुलगा गॅलरीत जातो! त्याला जाऊ देऊ नका, बसवा तिथेच, अजून तीन पानं भांडू दे. आणि मोठ्याने वाचा घरात, दार लावून का होईना. वडिलांच्या तोंडी "या परिस्थितीला मी जबाबदार नाही" आहे, साताऱ्याकडचा निवृत्त कंडक्टर असं बोलेल का? शुद्धलेखन निवेदनात सांभाळा, संवादात माणूस बोलतो तसं राहू द्या.

अर्धविराम
स्टेशन येतं 😂 हे मी फ्रेम करून लावणार आहे.

कोथरूड_डेपो
अपडेट देतो. काल सुट्टी टाकून अकराही कथांची प्रिंट काढली आणि पेन घेऊन बसलो. अकरापैकी नऊ कथांत कुणीतरी गॅलरीत जातं. नऊ! आमच्या घराला गॅलरीच नाहीये.
प्रकाशकांना मेल केला की हक्कांची मुदत काय आणि आयएसबीएनचे पैसे कशाचे, पाच दिवस झाले, उत्तर नाही. आधी दिवसाला दोन फोन येत होते. रेशनच्या रांगेची कथा पुन्हा लिहायला घेतलीये, भांडण सहा पानांवर गेलंय आणि मुलगा अजून खुर्चीतच आहे, पण आता वडील गप्प झालेत आणि मला पुढचं सुचत नाहीये. ताई, गप्प राहू देऊ का त्यांना?

नारायणपेठी
किती वेळ गप्प आहेत?

कोथरूड_डेपो
गरवारे ते मंगळवार पेठ.

नारायणपेठी
मग राहू द्या. उद्या घरी बसून लिहा.