पक्षाघातानंतर तोल सावरण्यासाठी मानेवर हाताने उपचार करून घ्यावेत का?

कोयनाकाठ:
नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून साताऱ्याला आमच्याजवळ राहतात. पाच महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. आता ते चार पायांची काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, परंतु वळताना तोल जातो आणि मान बहुतेक वेळ उजवीकडे वळलेली व पुढे झुकलेली असते. घरी येणाऱ्या नव्या फिजिओथेरपिस्टनी मानेचे सांधे आणि कवटीखालचे स्नायू हाताने मोकळे करण्याचे सुचवले आहे. त्यामुळे तोल आणि चाल सुधारेल, असे त्यांचे म्हणणे आहे. आईच्या डोळ्यांसमोर मात्र न्हाव्याच्या दुकानातले मान मोडणे येते आणि ती तयार होत नाही. वडिलांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. दुखणे पायाचे असताना मानेवर उपचार का, आणि त्यात धोका कितपत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मिरजेची फिजिओ:
आपल्या आईंची भीती अनाठायी नाही, पण ती एका विशिष्ट प्रकाराला लागू पडते. मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या वर चढतात आणि पहिल्या मणक्याभोवती वळण घेतात. मानेला अचानक झटका देऊन पीळ दिल्यास त्यांचे आतले अस्तर फाटू शकते आणि त्यातूनच पक्षाघात होऊ शकतो. म्हणून झटका देऊन ‘कट्’ असा आवाज काढण्याच्या प्रकाराला, तो न्हाव्याने करो वा पदवीधराने, स्पष्ट नकार द्यावा. कवटीच्या तळाशी बोटे ठेवून स्नायू सैल करणे किंवा सांधा हळूहळू हलवणे ही निराळी गोष्ट आहे. तरीही त्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना पक्षाघाताचे कारण विचारावे आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) अहवाल फिजिओथेरपिस्टना दाखवावा. मूळ कारण रक्तवाहिनी फाटणे हेच असेल, तर मानेला हात लावू देऊ नये.

आता मानेचा संबंध. डोके हलले हे आतल्या कानाला कळते. पण केवळ डोके वळले की सगळे शरीर वळले, हे मानेच्या स्नायूंकडून येणाऱ्या माहितीशिवाय मेंदूला ठरवता येत नाही. कवटीखालच्या लहान स्नायूंत ताण ओळखणारे संवेदक फार दाटीने असतात. मान महिनोन्महिने एका बाजूला आखडून राहिली की ही माहिती बिघडते, असा या उपचारामागचा तर्क आहे. काही अभ्यासांत नेहमीच्या व्यायामाला जोडून असे उपचार केल्यावर तोल सुधारलेला दिसला, पण ते बहुतांशी मोजक्या रुग्णांवरचे आहेत. जोड म्हणून उपचार करावेत, चालण्याच्या सरावाऐवजी नव्हे.

एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. डावी बाजू लुळी आणि मान सतत उजवीकडे, असे असेल तर मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नसण्याची शक्यता असते. जेवताना ताटातले डावीकडचे पदार्थ तसेच राहतात का, ते पाहावे. तसे असल्यास आखडलेली मान हा परिणाम आहे, कारण नव्हे. केवळ स्नायू सैल करून ती पुन्हा तिकडेच वळेल.

गोदाकाठची गृहिणी:
माझ्या यजमानांना असेच उपचार दिले होते, म्हणून अनुभव सांगते. मानदुखी थांबली, झोप चांगली लागू लागली, हे मान्य करते. परंतु पाऊण तासातली पंचवीस मिनिटे मानेवरच जात आणि चालणे दिवाणखान्यातल्या दोन फेऱ्यांवर आटोपत असे. झोपून घ्यायचा उपचार रुग्णालाही आवडतो, त्यामुळे घरातले कोणी तक्रार करत नाही. आम्ही तो दहा मिनिटांवर आणून उरलेला वेळ उठणे, वळणे आणि पायरी चढणे यांना दिला, तेव्हा चालण्यात फरक पडला.

मिरजेची फिजिओ:
ताईंशी मी सहमत आहे. सुरुवातीलाच मोजमाप करावे. तोल मोजणाऱ्या बर्ग चाचणीत १४ कृती आणि एकूण ५६ गुण असतात. ती फिजिओथेरपिस्टनीच घ्यावी. घरी १० मीटर चालण्यास किती सेकंद लागतात ते लिहून ठेवता येईल. २५ सेकंदांहून अधिक लागत असतील तर चालणे साधारणपणे घरापुरतेच राहते. साडेबारा सेकंदांच्या आत आल्यास बाहेर वावरणे बरेच जमते. सोबत चालताना वडिलांच्या डाव्या बाजूला, किंचित मागे राहून कमरेचा पट्टा धरावा. लुळा हात ओढू नये, खांदा निखळतो.

कोयनाकाठ:
आपणा दोघींचे मनःपूर्वक आभार. ताटातली चटणी, कोशिंबीर आणि लिंबाची फोड गेले कित्येक दिवस तशीच राहत होती. तोंडाची चव गेली असेल, असे आम्ही समजत होतो. काल ताट फिरवून ठेवले तेव्हा त्यांनी तेच पदार्थ खाल्ले आणि भाजी डावीकडे राहिली. शुक्रवारी मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. त्यांनी अहवाल पाहीपर्यंत मानेचे उपचार थांबवले आहेत. अंगणात खडूने १० मीटरच्या खुणा केल्या असून आज ३४ सेकंद लागले आणि वळताना दोनदा भिंतीचा आधार घ्यावा लागला.