पोर्टला मराठीत 'बंदर' म्हणावं का?

खाडीकाठ:
शाळेसाठी नेटवर्किंगची टिपणं मराठीत करतोय. शाळा देवगडजवळची. 'पोर्ट बंद असल्यास सर्व्हरशी जोडणी होत नाही' यातल्या पोर्टचं मी 'बंदर' केलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जूनात बंदर बंदच आसता." वर्ग खिदळला. दुसरा शब्द सुचवा.

तांबडा_बावटा:
पोरगं बरोबर बोललं की! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्याला. पोर्टला पोर्टच म्हणा. राउटरच्या पाठीमागची भोकं दाखवून आमचा केबलवालासुद्धा 'हय पोर्टात घाला' म्हणतो.

शब्दवेल्हाळ:
केबलवाला म्हणतो म्हणून? लॅटिनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत: पोर्टुस म्हणजे बंदर आणि पोर्टा म्हणजे दरवाजा. संगणकातला पोर्ट दरवाजाच्या घरातला. म्हणून 'द्वार'. शिवाय 'बंदर' फारसी आहे.

तांबडा_बावटा:
फारसी असेल, पण तो आमच्या तोंडात किती पिढ्या आहे! 'द्वार' तुमच्या घरात कोण म्हणतं? जेवताना 'द्वार लाव गं, मांजर येईल'?

खाडीकाठ:
माझी अडचण वेगळीच आहे. पोर्ट दोन जातीचे. एकात वायर खुपसायची. दुसरा नुसता आकडा, ० ते ६५,५३५ मधला. साध्या वेबला ८०, कुलूपवाल्या वेबला ४४३. दोघांना एकच शब्द चालेल?

धोपावेची_फेरी:
वायरवाल्याला 'खोबण' म्हणा. आकड्यासाठी बंदर मोडून बघा: अख्खं यंत्र म्हणजे बंदर, पोर्ट म्हणजे त्यातला धक्का. आयपी पत्ता, म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता, तुम्हाला दाभोळपर्यंत आणतो. फेरीबोट कुठल्या धक्क्याला लागणार आणि मासळीची होडी कुठल्या, ते आकडा सांगतो.

तांबडा_बावटा:
पासष्ट हजार धक्के? भाऊच्या एका धक्क्यावर पहाटे पाय ठेवायला जागा नसते.

वेशीवरचा:
खाडीकाठ, 'बंद' हाही शब्द तपासा. बंद पोर्टवर ठोकलं तर यंत्र बहुधा लगेच उलट कळवतं, इथे कुणी नाही. मध्ये फायरवॉल, म्हणजे ये-जा तपासणारी चौकी, असली तर पुष्कळदा काहीच उत्तर येत नाही, तुम्ही वाट बघत ताटकळता. माझी आजी हा फरक नेमका करायची: 'नाय म्हणतो' आणि 'ओ देत नाय'. आपण दोन्हींना 'बंद' म्हणतो आणि मग दोष शोधताना अर्धा दिवस घालवतो. मी घालवलाय.
जाता जाता, गेटवेला, म्हणजे आपल्या नेटवर्कमधून बाहेर पडायच्या वाटेला, मी 'वेस' म्हणतो. वाडीतल्या वाडीत निरोप द्यायला वेशीपर्यंत जावं लागत नाही. गावाबाहेरचा असेल तरच.

शब्दवेल्हाळ:
वेस! वा. असे शब्द हवेत.

धोपावेची_फेरी:
वेस घाटावर. आमच्याकडे शीव, आणि शिवेवर राखणदार, गाव सांभाळणारं दैवत. तेव्हा फायरवॉल म्हणजे राखणदार, विषय संपला. कुणाला आत सोडायचं ते तो ठरवतो.

तांबडा_बावटा:
आणि नारळ दिला की सोडतो. त्याला मराठीत पासवर्ड म्हणतात.

शब्दवेल्हाळ:
थट्टा पुरे. राखणदार ही श्रद्धेची गोष्ट आहे. तो शब्द यंत्राला लावणं मला तरी पटत नाही. 'तटबंदी' काय वाईट आहे? सिंधुदुर्गाचा दरवाजा समोर उभं राहूनही चटकन दिसत नाही. फायरवॉलचं कामही तेच.

वेशीवरचा:
तटबंदी सगळ्यांनाच अडवते. फायरवॉल नियम बघून कुणाला सोडते, कुणाला नाही. राखणदारच जवळचा.

खाडीकाठ:
मंडळी, पोर्टचं काय? टिपणं उद्या झेरॉक्सला द्यायची आहेत.

धोपावेची_फेरी:
देताय ना, द्या. पण राखणदाराला नारळ वर्षातून एकदाच हां, दरवेळी नाही.

तांबडा_बावटा:
तुमच्याकडे असेल. आमच्या शिवेवर कोंबडा लागतो.