नागपूर शहरातले गोठे हलवायचे, की उकंड्यावरचं पाणी वळवायचं?

विहीरवाले, वाठोडा
दोन पावसाळे झाले, जुलै लागला की आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. 40 फूट खोल, आजोबांनी खणलेली. यंदा पाणी तपासून घेतलं. प्यायच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आमचं त्याच्या वर निघालं. कॉलिफॉर्म जंतूही सापडले, म्हणजे पाण्यात शेण-मैला मिसळत असल्याची खूण. साठेक पावलांवर सहा म्हशींचा गोठा आहे. शेणाचा उकंडा उघड्यावर. सर आली की काळा ओघळ पावसाळी नालीत, नाली नाग नदीत. घरात चार महिन्यांची नात आहे. वरच्या दुधाच्या बाळाला असं पाणी गेलं तर त्याच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटून प्रमाण उलट वाढतं. माझं मत स्पष्ट आहे: गोठे शहराबाहेर गेले पाहिजेत.

दूधवाला, तिसरी पिढी
काका, आधी नातीसाठी विहिरीचं पाणी आजच बंद करा. बाकीचं भांडण नंतर.
आता माझं ऐका. आमच्या आज्यानं गोठा बांधला तेव्हा चहूकडे वावर होतं. घरांचे ले-आउट मागून पडले. नाग नदीत शहरभराचा मैला जातो, पण बोट आधी आमच्याकडे वळतं. शेण आम्ही मुद्दाम साचवत नाही जी. उन्हाळ्यात ट्रॉलीवाले मागून नेतात. मृग लागला की वावरात चिखल होतो, ट्रॅक्टर शिरत नाही, आणि दिवाळीपर्यंत शेण आमच्याच दारात पडून राहतं. ठेवू कुठं?

भूजलाचं काम केलेला
नुसतं नायट्रेट सापडलं म्हणून गोठाच दोषी ठरत नाही. वस्तीतल्या सेप्टिक टँकमधूनही तेच झिरपतं. उताराच्या वरची एक आणि खालची एक, अशा दोन्ही विहिरी मे महिन्यात तपासा, पुन्हा जोराच्या पावसानंतर तपासा. खालच्या विहिरीतच आकडा उसळला तर गोठ्याकडे बघायला आधार मिळेल.

विहीरवाले, वाठोडा
उताराच्या वर शेजाऱ्यांची विहीर आहे, तिथलंही तपासतो. पण ओघळ मी डोळ्यांनी पाहिला आहे.

कन्हानकाठचा
गोठे "बाहेर" म्हणजे नेमके कुठं नेणार? कामठीकडे सरकवले तर ओघळ कन्हानला मिळेल, आणि नागपूर कन्हानचंही पाणी पितं. गोरेवाड्याकडे नेले तर तिथल्या तलावाचा पाणलोट. नाग नदीसुद्धा शेवटी कन्हानमधून वैनगंगेला, म्हणजे गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. तुमच्या दारातला त्रास खालच्या गावाच्या दारात नेऊन ठेवण्याला मी उपाय म्हणणार नाही.

सिव्हिलवाली, मानेवाडा
मला इथं हिशेबच महत्त्वाचा वाटतो. एक म्हैस दिवसाला साधारण 15 किलो शेण टाकते. सहा म्हशी, पावसाचे 100 दिवस: 9 टन. 10 बाय 10 फुटांच्या ओट्यावर साडेतीन फूट उंच रचलं तर मावतं. ओटा पक्का, जमिनीपासून उचललेला, तीन बाजूंनी भिंत, वर पत्रा.
पण त्याहून मोठी चूक गोठ्याच्या छपराची असते. 30 चौरस मीटर पत्र्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की दीड हजार लिटर स्वच्छ पाणी खाली येतं, आणि बहुतेक ठिकाणी ते थेट उकंड्यावर सोडलेलं असतं! पन्हाळ लावून ते बाजूला काढा. पावसाळी नालीत फक्त हेच पाणी जाऊ द्या. गोठा धुण्याआधी शेण फावड्यानं कोरडं ओढून घ्या, मग धुवायला पाणी कमी लागतं. ते धुवण आणि मूत्र वेगळ्या पक्क्या टाक्यात.
23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. नालीत टाकलेलं परत येतं, हे तेव्हा बघितलं आहे.

गोबरगॅस समर्थक
एवढं कशाला? 90 किलो शेणावर साडेतीन घनमीटर गॅस रोज मिळेल. प्रश्न मिटला.

भूजलाचं काम केलेला
मिटत नाही. गॅस निघतो, पण ज्याचं नायट्रेट होतं तो नायट्रोजन मागे उरलेल्या पातळ शेणात, म्हणजे स्लरीतच राहतो. ती स्लरी नालीत सोडली तर विहिरीला काहीच फरक पडणार नाही.

संत्रावाला, काटोल
आम्हाला शेणखत पाहिजेच असतं, तुमच्याकडे ते पडून आहे. दिवाळीनंतर ट्रॉली पाठवतो. पण भिजून सत्त्व निघून गेलेलं घेणार नाही. झाकून ठेवलं तरच घेईन, भावही देईन.

दूधवाला, तिसरी पिढी
जागा मोजली. कुटाराची गंजी हलवली तर 10 बाय 10 निघते. पन्हाळ या आठवड्यात लावतो. ओट्याचा आणि पत्र्याचा खर्च एकट्याला झेपत नाही, बाजूच्या दोन गोठ्यांशी बोलतो.

विहीरवाले, वाठोडा
पन्हाळ लावायला मी येतो, शिडी आहे माझ्याकडे. माझं मत मात्र बदललेलं नाही. सहा म्हशींचं हे जमेल, साठ म्हशींच्या गोठ्याला दाट वस्तीत एवढी जागा कुठून मिळणार? पुढच्या जुलैत दोन्ही विहिरींचं पाणी पुन्हा तपासतो आणि आकडे इथंच टाकतो.