‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ : दुष्काळाचा इतिहास माहीत असणे अभंग वाचताना कितपत आवश्यक आहे?

प्रश्न : गाथावाचक

आमच्या वाचनमंडळात सध्या तुकोबांच्या गाथेचे वाचन चालू आहे. मागील बैठकीत ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ हा अभंग आला, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी असे मत मांडले की, प्रपंचाची आसक्ती सुटल्याचे समाधान एवढाच त्याचा आशय आहे आणि त्यासाठी सतराव्या शतकातील दुष्काळाच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही; वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी इतिहास न वाचताच तो गायिला. मला हे पटत नाही. गुरेढोरे गेली, अपमान झाला, बायको कर्कशा मिळाली, हे सारे ‘बरे झाले’ असे ऐकताना मन अडखळते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : इंद्रायणीकाठ

हा दुष्काळ 1630 ते 1632 या काळात गुजरात आणि दख्खनवर कोसळला. पावसाने दगा दिला हे खरेच, पण त्याच सुमारास शाहजहान बऱ्हाणपुरास तळ देऊन दख्खनची मोहीम चालवीत होता, 1626 मध्ये मलिक अंबर वारल्यापासून निजामशाही खिळखिळी झाली होती, आणि आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उद्ध्वस्त केले होते. देहू तेथून दिवसभराच्या चालीवर. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बादशहानाम्यात लिहिले आहे की, लोक भाकरीसाठी जीव विकायला निघाले आणि कोणी घेईना, प्रतिष्ठा देऊ केली तरी कोणी विचारीना.

आता तुकोबांचे घर पाहा. घरात महाजनकी, पेठेत दुकान, व्यवहार उधारीचा. कुळे परागंदा झाली की वसुली थांबते आणि बैल मेले की मालाची ने-आण बंद पडते. त्यामुळे ‘बरें गेलें धन ढोरें गुरें’ यातील ढोरेगुरे म्हणजे व्यापाराचे पायच होते. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असे ते दुसऱ्या अभंगात सांगतात. आधी पैसा, मग पत, मग माणूस, हा क्रम सावकारी घर बुडताना पाहिलेल्या माणसाचा आहे.

राहिला वारकऱ्यांचा मुद्दा. त्यांनी इतिहास वाचला नसेल, परंतु 1876 ते 1878 चा किंवा 1972 चा दुष्काळ ज्यांनी सोसला, त्यांना ‘पीडा’ कशाला म्हणतात हे सांगावे लागत नव्हते. ग्रंथांची गरज आपल्याला आहे, कारण आपल्या घरात धान्याचे डबे भरलेले आहेत.

उत्तर : जुनी पोथी

वरील विवेचन मोलाचे आहे, तरी एक सावधगिरी आवश्यक वाटते. गाथेतील अभंग कालक्रमाने लावलेले नाहीत, त्यामुळे प्रत्येक दुःखोद्गार 1630 शी जोडण्याचा मोह टाळावा. कर्जखते इंद्रायणीत बुडविल्यासारखे प्रसंग आपल्याला मुख्यतः चरित्रपरंपरेतून ठाऊक आहेत, आणि ती रसाळपणे मांडणारे महिपती अठराव्या शतकातले, म्हणजे तुकोबांच्या नंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिणारे. ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’ हा आत्मचरित्रपर अभंग मात्र निराळा. त्यात ते स्वतःच म्हणतात, ‘नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं’. स्वतःविषयी बोलू नये असे वाटत असतानाही संतांनी विचारले म्हणून ते बोलले. समकालीन श्रोत्यांनाही हा माणूस या वाटेला कसा लागला हे जाणून घ्यावेसे वाटले होते, तेव्हा आपण विचारले तर भक्तीला उणेपणा येतो असे मला मुळीच वाटत नाही.

उत्तर : ओवीकार

मन अडखळते असे आपण लिहिले आहे, त्याविषयी थोडे लिहिते. ‘अन्न अन्न’ करीत गेली ती पहिली पत्नी रखुमाबाई. ‘कर्कशा’ म्हटलेल्या जिजाबाई परंपरेनुसार पुण्याच्या सावकाराघरच्या. दिवाळे निघालेल्या घरात पोरांच्या तोंडी घास घालण्याचे काम त्यांच्यावर पडले. दुष्काळ डोळ्यांसमोर ठेवला की त्यांच्या कडवटपणाची कारणे अभंगाबाहेर शोधावी लागत नाहीत, आणि तुकोबाही ती लपवीत नाहीत: ‘लेंकरें बाईल उपेक्षिलीं’ असे त्यांनी स्वतःच ‘बरें जालें’ या अभंगात नोंदवून ठेवले आहे. ‘अनुतापें तुझें राहिलें चिंतन’ हे चरणही तेथेच आहे. त्यामुळे त्या ‘बरें’मध्ये मला निर्विकार समाधान ऐकू येत नाही, होरपळलेल्या माणसाने मोठ्या कष्टाने देवापुढे मांडलेला हिशेब ऐकू येतो.

शेवटी अभंग एकादशीच्या उपवासावर येतो. ज्या घरात अन्नावाचून जीव गेला, तेथला धनी आता आपण होऊन उपाशी राहतो आणि रात्र जागवतो. पुढील बैठकीत ‘याति शूद्र’ आधी वाचावा आणि हा अभंग लगेच त्यामागोमाग घ्यावा, अशी माझी सूचना आहे.